नवरी आणि म्हैस

गवत कापणं हा आमचा धंदा आहे, हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे नेमकं काय करता?" गवत कापतो. हॉस्पिटलचं आवार, शाळेचं मैदान, ऑफिसांच्या काचेच्या इमारतींपुढची हिरवळ, दफनभूमीतली उतरण. जे काम रोज डोळ्यांसमोर होतं त्याला अक्कल लागते असं कोणालाच वाटत नाही. गवताचं एक बरं आहे, कापलं की पुन्हा वाढतं, त्यावर आमचं पोट चालतं. गवत वाढत नाही ते महिने मशीनं दुरुस्त करण्यात जातात. म्हणजे माझे जातात.

बाबांनी हा धंदा हाताने ढकलायच्या एका मशीनवर उभा केला. मी शाळा सुटल्यावर शेडमध्ये पाती घासायला बसायचे, ती तिथेच राहिले. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शाळेत जायला लागली, तरी माझ्या नखांतलं काळं तेल काही गेलं नाही. कामावरची सगळी माणसं मला ताई म्हणतात, माझ्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा. माझा भाऊ माझ्याहून बराच लहान. त्याने आधी दोन धंदे करून पाहिले आणि दोन्ही बुडवले. मग तो बाबांकडे परत आला, तोही असा की जणू आमच्यावर उपकार करायला आला. तो गिऱ्हाइकांशी बोलतो. छान बोलतो, हे मी कधी नाकारलं नाही. दगडाला पाझर फुटेल असं बोलतो. फक्त त्या दगडावर पातं आपटून वाकडं झालं, तर ते सरळ करायला मी लागते.

दोन वर्षांपूर्वी आमची बसून चालवायची दोन जुनी मशीनं एकाच हंगामात थकली. बाबांचे गुडघे त्याआधीच थकले होते. त्यांनी आम्हा दोघांना शेडमध्ये बोलावलं आणि सांगितलं, "आता मी बसणार. धंदा एकाच्याच हातात देणार. एका म्यानात दोन तलवारी मला ठेवायच्या नाहीत."

"कोणाच्या?" धाकट्याने विचारलं. त्याला मी धाकटाच म्हणते.

"ज्याला मशीन निवडता येतं त्याला हा धंदा करता येतो. दोन मशीनं घ्यायची आहेत. एक तू निवड, एक ताई निवडेल. दोन हंगाम बघू. ज्याची निवड खरी ठरेल त्याच्या हातात किल्ल्या."

धाकटा लगेच हो म्हणाला. मीही म्हणाले. मला तर मनातून हसूच आलं. परीक्षा मशीनची, आणि समोर धाकटा! हातच्या काकणाला आरसा कशाला, असं वाटलं मला. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते बाबा स्वतःच आणून माझ्या हातावर ठेवतायत, असं मी समजले. मला तो धंदा हवा होता. हे मी आजही लाजून सांगणार नाही. पैशासाठी नव्हता हवा. एकदा तरी मी सांगावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, एवढ्यासाठी हवा होता.

शोरूमवाला गोड बोलणारा होता. आम्ही आत शिरल्याशिरल्या त्याने बाबांना खुर्ची दिली, धाकट्याला मशीनवर बसवलं आणि मला पाण्याचा ग्लास दिला. मशीन नारिंगी होतं. उंच पाठीची मऊ सीट, पाण्याची बाटली ठेवायला खाच, पुढे दोन दिवे. धाकट्याने वळवायचे दोन्ही दांडे पुढे ढकलले, मागे ओढले, जागच्या जागी गर्रकन वळवलं आणि बाबांकडे बघून म्हणाला, "लोणी आहे, लोणी!"

मी खाली वाकून बघितलं. मशीनच्या पोटाखाली पत्र्याचा घुमट असतो, त्यात पाती फिरतात. त्याला आम्ही डेक म्हणतो. मशीनचं खरं-खोटं तिथे कळतं. मडकं घेताना बोटाने वाजवतात तसा मी तो वाजवला. डबडं. पत्रा पातळ, आणि जिथे पात्यांचे दांडे बसतात तिथे आधाराला जाड पट्टी नाही. हे मशीन म्हणजे घरच्या बागेत आठवड्यातून एकदा फिरणारी बाई, हिला कोणीतरी कामाचे कपडे घालून धंद्यात आणलं होतं.

"याची बेअरिंग गेली तर काय मिळतं?" मी शोरूमवाल्याला विचारलं. "नुसती बेअरिंग, की सगळंच बदलायचं?"

"ताई, ही सीलबंद आहे. हिला ग्रीस लागतच नाही. मेन्टेनन्स फ्री!"

"म्हणजे ग्रीस घालायला जागा नाही."

"गरजच नाही ना."

"आणि गेली तर?"

"जातच नाही."

"दादा, जगात माणसं जातात, बेअरिंग जात नाही?"

शोरूमवाला हसला. धाकटा वरून म्हणाला, "ताई, तू लग्नाला गेलीस तरी नवरीचे दात मोजशील." सगळे हसले, बाबाही. त्या दिवसापासून त्या मशीनचं नाव नवरी पडलं.

मी निवडलेलं मशीन कोपऱ्यात उभं होतं. रंग राखाडी, सीट फळीसारखी, वळायला जड. पण डेक जाड पत्र्याचा, चारी बाजूंनी वेल्डिंग केलेला. पात्याच्या प्रत्येक दांड्याला ग्रीस घालायला निपल, तेही हात सहज पोचेल तिथे. पट्टा बदलायला अख्खं मशीन खोलावं लागत नव्हतं. ज्या माणसाने ते बनवलं त्याने कधीतरी स्वतः मशीन दुरुस्त केलं असणार, हे दिसत होतं. मला तर त्या माणसाला नमस्कार करावासा वाटला.

"ही म्हैस घेणार तू?" धाकट्याने विचारलं.

"म्हैस दूध देते," मी म्हणाले.

बाबांनी दोन्ही घेतली.

आता खरी गंमत ऐका. परीक्षा दोन मशीनांची, पण दोघांची देखभाल कोणाकडे? माझ्याकडे. हे कोणी ठरवलंसुद्धा नाही. सूर्य कुठून उगवायचा ते कोणी ठरवत नाही, तसंच. शनिवार हा आमचा देखभालीचा दिवस. म्हशीचं काम चहा निवायच्या आत व्हायचं. डेक खरवडायचा, निपलला ग्रीस भरायचं, पाती काढून धार लावायची, हवेचा फिल्टर झटकायचा, झालं. मग उरलेला अख्खा दिवस नवरी खायची.

पहिल्याच महिन्यात तिच्या मधल्या पात्याची बेअरिंग कण्हायला लागली. मशीन चालवणाऱ्याला ते इंजिनाच्या आवाजात कळत नाही, मला हाताने पातं फिरवताना कळलं. मी त्या बेअरिंगचं घर खोललं, त्याला ड्रिलने भोक पाडलं, आटे काढले आणि म्हशीसारखं निपल बसवलं. एकाला केलं म्हणून तिन्हींना केलं. मग डेकला दांड्यापाशी केसाएवढी चीर दिसली. आतून पट्टी वेल्ड केली. दुसरीकडे चीर गेली, तिथेही केली. कंपनीचा पट्टा ताणून लोंबायला लागला तेव्हा शेतीच्या यंत्रांच्या दुकानातून जाड पट्टा शोधून आणला आणि त्याच्या मापाला कप्पी सरकवून घेतली. वर्ष सरेपर्यंत नवरीत नवरीचं असं सीट आणि दिवे एवढंच उरलं होतं. बाकी सगळं माझं होतं.

आणि या सगळ्यात एक मूर्खपणा मी असा केला की जो दुसरा कोणी केला नसता. वेल्डिंग झालं की मी ते घासून गुळगुळीत करायचे आणि वरून नारिंगी रंग मारायचे. मुद्दाम त्या छटेचा डबा आणला होता. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. पण केलेलं काम ओबडधोबड दिसलं की मला झोप लागत नाही. ठिगळ दिसायला नको, ही बाबांचीच शिकवण. मी माझ्याच हाताने माझा पुरावा पुसत होते, आणि वरून हात मागे घेऊन बघत होते की बेमालूम झालंय ना.

नवरीवर बसायचे मामा. ते आमच्याकडे बाबांच्या खालोखाल जुने, सगळ्यांचेच मामा. मशीनच्या पोटात फिरणारी पाती आणि मामांचे पाय यांच्यामध्ये तेवढा एक पत्रा असतो. तो फाटला तर काय होतं ते मी एकदा दुसऱ्यांच्या कामावर पाहिलं आहे. म्हणून मी पट्ट्या मारत होते, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. कण्हणारं मशीन मला बघवत नाही. ते कोणाचं आहे हे मग माझ्या डोक्यातच येत नाही.

पहिला हंगाम संपला. दोन्ही मशीनं एक दिवसही बंद पडली नाहीत. धाकटा ज्याला त्याला सांगत सुटला, "बघा, मेन्टेनन्स फ्री!" शोरूमवाला तर गिऱ्हाइकं घेऊन आमच्या शेडमध्ये यायला लागला. नवरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "अख्खा हंगाम, रोजचं काम, एक तक्रार नाही. विचारा यांना." आणि धाकट्याकडे बोट दाखवायचा. मी शेजारी बसून नवरीचीच पाती घासत असायचे. गिऱ्हाईक माझ्या अंगावरून पाय टाकून पुढे जायचं.

एकदा न राहवून मी बाबांना म्हणाले, "बाबा, हिच्या डेकला मी आतून पट्ट्या मारल्यात. एक नाही, चांगल्या चार-पाच."

बाबा कष्टाने वाकले, बॅटरी मारून बघितलं. सगळीकडे एकसारखा नारिंगी रंग.

"कुठे?" ते म्हणाले.

मी बोट ठेवून दाखवलं. मलाच नीट सापडेना.

घरी आमचे हे बस चालवतात. त्यांना मशीनची भाषा समजते. मी रात्री जेवताना रडगाणं लावलं की ते मुकाट ऐकायचे, पण एक दिवस ताट बाजूला सारून म्हणाले, "तू त्याच्या मशीनची आई झालीस. मग त्याची निवड खरी ठरणार नाही तर काय होणार? एक महिना हात लावू नकोस. पडू दे बंद. बघू दे सगळ्यांना ती काय लायकीची आहे."

"आणि मामा?"

"पट्ट्या मारल्यास ना? पत्रा फाटत नाही लगेच. फक्त ग्रीस घालू नकोस."

मला पटलं. दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर मी नवरीला ग्रीस घालायचं थांबवलं. मुद्दाम थांबवलं. कंपनीच म्हणते ना लागत नाही, मग नाही घालत. धारही काढली नाही. शनिवारी म्हशीचं आटपून मी घरी जायला लागले. मुलीला आश्चर्य वाटलं, तिला वाटलं मी आजारी आहे. घरी बसून मी काय करत होते? नवरी आत्ता कशी असेल याचा विचार करत होते. जीव थाऱ्यावर नव्हता.

महिना लागलाच नाही. आधी हॉस्पिटलच्या बागेवर देखरेख करणाऱ्या बाईंचा फोन आला की तुम्ही गवत कापता की उपटता, सगळ्या हिरवळीचे शेंडे पांढरे पडलेत. बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं, आणि ओरबाडलेला शेंडा वाळतो. त्यानंतरच्या फेरीला नवरी हॉस्पिटलच्या दारातच किंचाळली. बेअरिंग जाम झाली, पट्टा जळला, धूर खिडक्यांतून वॉर्डात गेला. बिचारे रुग्ण खोकत व्हरांड्यात आले.

संध्याकाळी शेडमध्ये सगळ्यांसमोर धाकटा कडाडला. "बघा बाबा! स्वतःच्या मशीनला ग्रीस, माझ्या मशीनला कोरडं. परीक्षा जिंकायला हिने हॉस्पिटलचं काम घालवायची वेळ आणली!"

"तिला ग्रीस लागत नाही म्हणालास ना तू?" मी म्हणाले.

"कंपनीचं सोड! इतके दिवस चालत होती की नाही? मग आत्ताच काय झालं?"

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी ते म्हणतील की इतके दिवस चालत होती ती का चालत होती ते आता कळलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मशीन बंद पडत नाही. बंद पाडलं जातं."

कामावरची माणसं खाली बघायला लागली. माझ्या कानांत आग झाली. तिथेच उभ्या उभ्या मला कळलं की मी कशात अडकले आहे. नवरी चालली, तर निवड धाकट्याची. नवरी थांबली, तर देखभाल माझी. इकडे आड, तिकडे विहीर. हे असं आहे हे मला पहिल्या दिवशी शोरूममध्येच कळायला हवं होतं, पण तेव्हा मी पत्रा वाजवण्यात दंग होते.

नवी बेअरिंग आणली, नवा पट्टा चढवला, पाती घासली. सकाळी नवरी हॉस्पिटलला गेली. आपलेच दात, आपलेच ओठ.

हंगाम संपत आला तसं बाबांनी सगळ्यांना बोलावलं. शेड झाडून घेतली होती, चहा मागवला होता. दोन्ही मशीनं धुऊन शेजारी शेजारी उभी केली होती. बाबा म्हणाले, "दोन्ही मशीनं सारखीच चालली. एक दिवसाचं ते झालं ते सोडा. पण नवरी हलकी आहे, भरभर कापते, पेट्रोल कमी पिते. बसणाऱ्याची पाठ दुखत नाही. म्हणजे निवड कोणाची खरी ठरली ते सांगायला नको." आणि त्यांनी किल्ल्या धाकट्याच्या हातात दिल्या.

धाकट्याने वाकून नमस्कार केला. मग माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना म्हणाला, "पण एक सांगतो, ताईशिवाय इथलं पान हलत नाही. हे मी विसरणार नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी नाही वाजवल्या, ते आपल्या बुटांकडे बघत होते. टाळ्या थांबल्यावर धाकट्याने जाहीर केलं की आणखी चार नवऱ्या सांगितल्या आहेत, पुढच्या हंगामाआधी येतील. म्हैस विकून टाकायची. शोरूमवाल्याने सूट दिली होती, आमच्या शेडमुळे त्याची पुष्कळ मशीनं खपली म्हणून. ती मशीनं कोणाकोणाकडे बंद पडून आहेत हे मला माहीत होतं. कारण त्यांतल्या दोघांनी मलाच फोन करून विचारलं होतं, तुमची कशी काय चालते?

सगळे गेल्यावर मी शेडचं दार लोटलं. बाबा एकटेच होते.

"बाबा, नवरी चालली ती मी चालवली म्हणून."

"माहीत आहे."

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. "मी म्हणाले, त्या मशीनमध्ये काही दम नाही. मी ती जगवली."

"ऐकलं. कान कमी असतील, डोळे आहेत. शनिवारी तू कोणत्या मशीनपाशी दिवस घालवायचीस ते मला दिसत नव्हतं का? आणि तू दाखवलेल्या पट्ट्याही दिसल्या होत्या. रंगाखालचं वेल्डिंग मला कळत नाही होय? तुला शिकवलं कोणी?"

"त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात बंद पाडलं जातं..."

"पाडलंसच की तू."

"मग किल्ल्या त्याला का?"

बाबांनी नवरीच्या सीटवरून हात फिरवला. ते विचार करत नव्हते. विचार त्यांचा कधीच करून झाला होता, फक्त मला सांगावं की नाही एवढंच ते बघत होते.

"तुला दिल्या असत्या तर तो राहिला असता का? आठवड्यात बॅग भरली असती. पुन्हा कुठेतरी तिसरा धंदा, पुन्हा बुडणं. गिऱ्हाइकं गेली असती ती वेगळीच. त्याला दिल्या, तर तो राहतो. आणि तू राहतेसच." त्यांनी हात झटकले. "दोघंही राहता. धंदा राहतो. बापाने आणखी काय बघायचं?"

"आणि मी गेले तर?"

बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. अगदी साधेपणाने म्हणाले, "तू कुठे जाणार? मशीन कण्हायला लागलं की तुला राहवत नाही. तुझ्यासारखे हात मी दुसरे पाहिले नाहीत."

माझ्या कामाचं कौतुक बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा केलं, ते असं. मी ओक्साबोक्शी रडले असते, पण त्यांच्यासमोर रडायची माझी इच्छा नव्हती. "यावेळी तुमचा हिशेब चुकला," एवढं म्हणाले आणि पाना तिथेच ठेवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आमच्या ह्यांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः भाजी चिरली. धाकट्याचा फोन आला, "ताई, रुसलीस का गं? तुला पगार वाढवून देतो ना." मी फोन ठेवून दिला. मला पगार! मी जिथे लहानाची मोठी झाले तिथे तो मला पगार देणार. गावात गवत कापणारे दुसरेही आहेत. त्यांतल्या एकाकडे मी सरळ जाऊन आले. तो म्हणाला, कधीही या, उद्या या. मी होकार दिला. नखं घासून घासून धुतली. मुलगी माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, तुझे हात वेगळेच दिसतायत." खरं सांगते, मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

बाबांचा फोन आला नाही. तो येईल असं मला वाटतही नव्हतं, तरी मी बघत होते.

नव्या कामावर जायच्या सकाळी मी डबा भरत होते तेव्हा मामांचा फोन आला. मामा कधी फोन करत नाहीत. मागे धाकट्याचा आवाज येत होता.

"ताई, एक विचारायचं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "सीटवरून उठलो की पाती आपोआप थांबतात ना नवरीची? ती थांबत नाहीयेत."

त्यासाठी सीटखाली एक स्विच असतो. माणूस बसला की तो दाबला जातो, माणूस उठला किंवा पडला की पाती बंद. "कधीपासून?"

"कालपासून. मशीन मधेच बंद पडत होतं. तर आपल्या धाकट्या भाऊसाहेबांनी शोरूमवाल्याला फोन लावला. तो म्हणाला स्विच खराब असेल, तो वगळून वायर सरळ जोडून टाका. यांनी जोडली. आता मशीन मस्त चालतं. पण आज दफनभूमीची उतरण आहे, ताई."

ती उतरण ओली असली की मशीन सरकतं. तिथे मामा मागे एकदा पडले होते. तेव्हा पाती थांबली होती.

"मामा, तुम्ही बसू नका. किल्ली खिशात घाला आणि सांगा मी बसणार नाही."

"सांगितलं मी. तर ते म्हणाले, तुम्हाला भीती वाटत असेल तर दुसऱ्याला बसवतो. बसवतायत."

मी डोळे मिटून घेतले. मला धाकट्याचा राग आला, मामांचा आला, शोरूमवाल्याचा आला, पण सगळ्यात जास्त माझाच आला. कारण फोन ठेवायच्या आधीच माझा एक पाय बुटात गेला होता. आमचे हे दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "जाऊ नकोस" असं ते म्हणाले नाहीत. बाजूला झाले. ते म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"नव्या ठिकाणी कळवतो मी," ते म्हणाले. "की आज जमणार नाही."

"आज" हा शब्द त्यांनी माझ्यावर दया करून घातला होता.

शेडमध्ये पोचले तेव्हा नवरी दारातच उभी होती, ट्रेलरवर चढवायच्या बेतात. धाकटा बाहेर कोणावर तरी ओरडत होता. माझ्याकडे बघून त्याचा चेहरा खुलला, पण मी त्याच्याशी बोलले नाही. आत बाबा स्टुलावर बसले होते. त्यांच्यासमोर फडक्यावर माझी पक्कड, टेस्टर, वायर सोलायची सुरी आणि सीटखाली बसतो तसला नवा कोरा स्विच ओळीने मांडून ठेवलेला होता. त्यांनी कोणालाही मला फोन करायला सांगितलं नव्हतं. मामांना मी तिथेच विचारलं, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. बाबांनी फक्त स्विच आणून ठेवला होता आणि ते वाट बघत बसले होते.

फडक्याच्या टोकाला बशी झाकलेला चहाचा कप होता.

"ये," बाबा म्हणाले. "आत्ताच ओतलाय."

मी चहाला हात लावला नाही. पक्कड घेतली, सीट उचलली आणि धाकट्याने जोडलेली वायर कुठे आहे ते शोधायला लागले.